खांद्यापर्यंत

कुलारेशमध्ये वेली उभ्या राहत नाहीत.
अटलांटिकचा वारा राहू देत नाही.
बोरूच्या कुडाआड त्या वाळूवर पसरतात
उन्हात लोळणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यांसारख्या,
आणि ऑगस्टमध्ये घड भरले, वाळू तापली,
की बायका वाकून वाकून एकेका फांदीखाली
वीतभर टेकू लावत जातात.

हे मी पेटिफरसाहेबांना गाडीत सांगत होतो.
त्यांनी काच वर केली. वाळू आत येत होती.

मी दुभाषी, दिवसाचे साठ युरो.
ते लंडनच्या लिलावघराचे,
खिशात करंगळीएवढी विजेरी.
आणि दारात देओलिंदा, वय एकोणनव्वद,
हात पिठाने माखलेले.

तळघरात अकरा बाटल्या.
रामिश्कु, एकोणीसशे पंचावन्न.
साहेबांनी पहिलीच्या मागे उजेड धरला:
मानेपर्यंत. उत्तम.
दुसरी, मानेपर्यंत.
तिसरी, मानेच्या जरा खाली, चालेल.
चौथीपाशी थांबले.
खांद्यापर्यंत उतरलीय, म्हणाले. भाव पडेल.

मी ते पोर्तुगीजमध्ये सांगितलं.
देओलिंदाने पिठाचा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवला.
इथवर?
झेफरीनुही इथवरच होता. आधी.

आता याचं भाषांतर कसं करायचं?
उवेहून बारीक त्या किडीपासून सुरुवात करावी लागते,
जी अख्ख्या युरोपातल्या द्राक्षांची मुळं खात आली
आणि इथे थकली, कारण वाळूत तिला चालता येईना.
मग सांगावं लागतं की वेलीला वाळू चालते,
मुळाला मात्र चिकणमाती लागते,
आणि ती तीन पुरुष खाली.
म्हणून माणसं चर खणत उतरायची
डोक्यावर वेताची टोपली पालथी घालून.

टोपली कशाला? साहेब.

पायाखालची वाळू सरकली तर माणूस सावरतो.
डोक्यावरची सरकली
तर टोपलीत मावेल तेवढी हवा त्याची.
वरचे उकरेपर्यंत
तेवढ्यात भागवायचं.

सेहेचाळीसचा फेब्रुवारी. भाऊ एकोणिसाचा,
ही बाराची, फडक्यात पाव आणि सार्डिन घेऊन काठावर.
वाळू खांद्यापर्यंत आली तेव्हा तो हसत होता,
टोपलीतून शीळ घातली त्याने.
मग दुसरी कड आली
आणि शीळ राहिली नाही.

साहेबांनी विजेरी बंद केली.

नाही, मेला नाही, देओलिंदा म्हणाली.
निघाला. पाव खाल्ला. माझ्या वाटचं सार्डिनही खाल्लं.
आणि दिवस मावळायच्या आत
त्याच चरात उतरून काडी आडवी पुरून आला.
ही दारू त्याच वेलींची.
त्याने एकदाच तोंडात घेतली, थुंकली.
जीभ सोलते म्हणाला, वर्षं लागतील हिला,
आणि मरेपर्यंत बीअर पीत राहिला.

मरेपर्यंत म्हणजे?
एकाहत्तर साल. मोटारसायकलवरून पडला. चढ होता, उतार नव्हे.

साहेब वहीत भराभरा लिहीत होते.
गोष्टीसकट विकली तर दीडपट येतील, म्हणाले,
आणि टोपली असली तर, विचारून बघा, दुप्पट.

ती आम्हाला परसात घेऊन गेली.
सफरचंदाच्या झाडाखाली ती टोपली, आता उताणी,
आणि तिच्यात एक तांबडी कोंबडी,
साहेबांच्या बोटाकडे रोखून बघणारी.
अंड्यांवर बसलीय, देओलिंदा म्हणाली.
एकवीस दिवसांनी या.
मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं.

दहा बाटल्या गेल्या.
चौथी तिने काढून घेतली, कारण दिलं नाही,
पदार्थाला वापरेन म्हणाली, पण कुठल्या, ते नाही.

परतताना साहेबांनी विचारलं, तो चर कुठे होता?
मी डावीकडे दाखवलं:
पांढरा बंगला, लोखंडी फाटक, निळं पाणी,
पाण्यात एक रबरी बदक.
त्यांनी पहिल्यांदाच काच खाली केली.

खोल असेल ना?

नाही, म्हटलं.
पुरुषभरसुद्धा नाही.